हायड्लाइड

हायड्लाइड : कल्पित राज्यात घडणारा एक जुना जपानी अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग (पात्राचे बळ वाढवत नेत थेट लढत खेळण्याच्या प्रकारातला) व्हिडिओ गेम. नागोया येथील टी अँड ई सॉफ्ट या कंपनीने तो १९८४ च्या अखेरीस एनईसी या जपानी कंपनीच्या घरगुती संगणकांसाठी काढला. रचनाकार तोकिहिरो नाइतो. फेअरीलँडमधील एक रत्न चोरीला जाते, व्हारालिस हा राक्षस मोकळा सुटतो आणि राजकन्या अ‍ॅनचे तीन पऱ्यांत रूपांतर करतो. या पऱ्या शोधून राक्षसाचा नाश करणे, हे जिम या तरुणाचे काम.

या खेळप्रकाराचा आरंभ कोणापासून मानावा, याविषयी मतभेद आहेत. १९८४ मध्येच नामकोचा द टॉवर ऑफ ड्रुआगा (रचनाकार मासानोबु एन्दो) आर्केडमध्ये (नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांवर), तर निहोन फाल्कॉमचा ड्रॅगन स्लेयर (रचनाकार योशिओ किया) संगणकावर आला. हे दोन्ही हायड्लाइडच्या काही महिने आधीचे असल्याने केवळ कालक्रमाने पाहता अग्रमान त्याला देता येत नाही. काही जण तर ही परंपरा अमेरिकेतील गेटवे टू अपशाय (१९८३) पर्यंत मागे नेतात. मात्र ड्रुआगात अनुभवगुण (शत्रू मारून मिळणारे, पात्राचे बळ वाढवणारे गुण) नाहीत, नायकाचे बळ वस्तूंमुळे वाढते. ड्रॅगन स्लेयर भुयाराबाहेर पडत नाही. मैदान, अरण्य व भुयारे यांचा सलग प्रदेश, अनुभवगुण आणि थांबा न घेता चालणारी लढाई ही सांगड हायड्लाइडमध्ये आढळते. म्हणून ड्रुआगाचा प्रभाव मान्य करूनही हायड्लाइडला या प्रकाराच्या आद्य घडणीत स्थान देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

शत्रूच्या अंगावर चालून जाणे हाच येथे वार. हल्ला आणि बचाव अशा दोन स्थिती असून खेळाडू हवी ती निवडतो. स्थिर उभे राहिल्यास शक्ती हळूहळू भरून येते. हीच सोय फाल्कॉमच्या ईस (१९८७) या खेळातही दिसते.

जपानमध्ये खेळ लोकप्रिय झाला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी जादूमंत्रांची भर घातलेली आवृत्ती १९८६ मध्ये निघाली, पण अमेरिकेत ती १९८९ मध्ये पोहोचली. निन्टेन्डोचा द लेजेंड ऑफ झेल्डा तेथे दोन वर्षे आधीच आला होता. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीची मांडणी तेथे शिळी ठरली आणि खेळाची अपकीर्ती झाली. ही अपकीर्ती मूळ रचनेपेक्षा उशिरा झालेल्या आगमनामुळे अधिक, हे लक्षात घ्यायला हवे. १९८४ च्या खेळांशेजारी ठेवून पाहिल्यास त्याची कल्पकता ठळक दिसते.

पुढील भाग : हायड्लाइड २ (१९८५), हायड्लाइड ३ (१९८७), व्हर्च्युअल हायड्लाइड (सेगा सॅटर्न या खेळयंत्रासाठी, १९९५).