‘त्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं!’

घरात साठी-सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर हे वाक्य कधी ना कधी कानावर येतंच. पुरावेही हाताशी असतात. जावयाचं बोलणं कळतं, सुनेचं कळत नाही. फाटकाशी थांबलेल्या टेम्पोची घरघर ऐकू येते, नातीची हाक येत नाही. आणि सगळ्यांत संतापजनक म्हणजे, आधी ‘जरा मोठ्यानं बोल’ म्हणायचं आणि आवाज चढवला की ‘ओरडतेस कशाला, बहिरा नाही मी!’

यात ना हट्ट आहे ना ढोंग. वयानुसार किंवा कारखान्यातल्या गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणात बहुतेक वेळा एका विशिष्ट प्रकारच्या पेशी आधी मरतात, आणि वरच्या तिन्ही तक्रारी त्यातून निघतात. या पेशी इतक्या विलक्षण आहेत की त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं.

शाळेतली आकृती आठवा: कानाचा पडदा, तीन हाडं, त्यापुढे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, म्हणजे कॉक्लिया. ती उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. आत द्रव आणि लांबीभर ताणलेली एक लवचिक पट्टी. तोंडाशी ही पट्टी अरुंद आणि ताठ असते, तिथे बारीक, उंच आवाज उमटतात. टोकाकडे ती रुंद आणि सैल होते, तिथे जाड, खर्जातले आवाज. पट्टीवर केशपेशींच्या, म्हणजे केसांसारखे तुरे असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतली एक रांग सुमारे साडेतीन हजार पेशींची, बाहेरच्या तीन रांगा मिळून सुमारे बारा हजार.

मेंदूकडे खबर नेणारे बहुतेक सगळे तंतू आतल्या रांगेला जोडलेले आहेत. मग बाहेरच्या बारा हजार पेशी करतात काय?

१९४८ मध्ये थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञानं एक साधा प्रश्न उभा केला. पट्टी द्रवात बुडालेली आहे, आणि पियानो पाण्यात बुडवून वाजवला तर सूर कसा निघेल? थबथबीत. तरीही आपल्याला दोन जवळचे सूर वेगळे कळतात. तेव्हा कानातच पट्टीला वरून ऊर्जा पुरवणारी काहीतरी यंत्रणा असली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे जाऊन तो म्हणाला की अशी यंत्रणा असेल तर कानानं स्वतःही आवाज काढला पाहिजे. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांवर प्रयोग करून पट्टीवरून लाट कशी सरकते ते दाखवलं होतं, त्यांना १९६१ चं नोबेलही मिळालं. पण मेलेल्या कानात नेमकी हीच यंत्रणा बंद पडलेली असते! १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी जिवंत माणसाच्या कानात इवला माइक बसवला आणि कानातून खरोखरच परत येणारा क्षीण आवाज पकडला. आज नवजात बाळाच्या कानाशी नळी धरून काही मिनिटांत जी तपासणी करतात, ती याच आवाजाची.

१९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगार, खरं तर नायक, पकडला. बाहेरची केशपेशी विजेचा दाब बदलला की लांबी बदलते: आखडते, लांबते. तिच्या भिंतीत ‘प्रेस्टिन’ नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं (२००० साली सापडलं, नाव संगीतातल्या ‘प्रेस्टो’वरून, म्हणजे द्रुत). पेशीत वीज शिरली की प्रेस्टिनचे रेणू एकदम आक्रसतात आणि अख्खी पेशी सेकंदाला हजारो वेळा उड्या मारते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावं तसं ती पट्टीला ढकलते. या ढकलण्यामुळे मंद आवाजाला सुमारे ४० ते ६० डेसिबलची (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) वाढ मिळते. मोठ्या आवाजाला मात्र ती जवळजवळ हातच लावत नाही. शिवाय ढकलणं नेमक्या जागीच होत असल्यानं प्रत्येक सूर शेजारच्या सुरापासून तासून वेगळा होतो.

आता या पेशी गेल्या असं धरा. कुजबुज तर गेलीच, कारण वाढवणारं कुणी उरलं नाही. पण मोठा आवाज आहे तेवढाच मोठा लागतो, कारण त्याला तशीही मदत नव्हती. ऐकू येण्याची किमान पातळी ० वरून ५५ डेसिबलवर चढते, पण असह्य होण्याची पातळी १०० च्या आसपासच राहते. शंभराची ऐसपैस खोली पंचेचाळीसची झाली. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘ओरडू नकोस’ यांत अंतरच उरलं नाही, म्हणून ती दोन वाक्यं पाठोपाठ येतात.

पट्टीच्या तोंडाशी असलेल्या, बारीक आवाजाच्या पेशी आधी मरतात. बोलण्यात स्वरांचा जोर साधारण १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) खाली असतो, तर स, श, च, त, फ, थ यांची ओळख पटवणारा भाग २००० च्या वर, आणि तोही क्षीण. स्वरांनी आवाज भरतो, व्यंजनांनी अर्थ. म्हणून अशा माणसाला बोलणं चालू आहे हे कळतं, काय बोलणं आहे ते कळत नाही. सात, आठ, साठ, हात: सगळ्यांतला ‘आ’ पोचतो, बाकीचं अंदाजावर. जावयाचा आवाज खर्जातला म्हणून पुष्कळसा पोचतो. बायका-मुलांचा उंच आवाज मेलेल्या पेशींच्या मुलखाकडे जास्त सरकलेला असतो. सासू-सुनेच्या किती भांडणांचं मूळ या पट्टीच्या तोंडाशी असेल!

श्रवणचाचणीच्या कागदावरही हेच दिसतं, फक्त तो नीट वाचायला हवा. समजा ऐकू येण्याची किमान पातळी ५०० हर्ट्झला २५, १००० ला ३०, २००० ला ४५ आणि ४००० ला ६० डेसिबल. पहिल्या तिघांची सरासरी ३३, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ‘सौम्य’. चौथा आकडा धरून ती ४० होते, म्हणजे ‘मध्यम’. (संघटनेच्या प्रतवारीत चारही आकडे धरतात.) तेव्हा सरासरीवर न थांबता आलेख उजवीकडे किती कोसळतो ते बघावं.

मग मशीन लावलं की झालं? अर्धंच. नुसतं आवाज वाढवणारं स्वस्त यंत्र सगळ्याला सरसकट ४० डेसिबल चढवतं. ४० चं कुजबुजतं बोलणं ८० ला पोचतं, ठीक. पण ७० चं मोठ्यानं बोलणं ११० ला जातं आणि माणूस यंत्र उपटून कपाटात ठेवतो. चांगलं यंत्र ४० ला ३० ची वाढ देतं आणि ७० ला १५ ची. आत ३० चा फरक, बाहेर १५ चा: दोनास एक असं दाबून बसवणं. प्रत्येक वारंवारितेला, म्हणजे बारीक-जाड आवाजाला, हे प्रमाण वेगळं, म्हणून दुसऱ्याचं मशीन आपल्या कानाला चालत नाही. मेलेल्या पेशींचं पहिलं काम, म्हणजे आवाज वाढवणं, यंत्र बऱ्यापैकी करतं. दुसरं, म्हणजे सूर तासून वेगळे करणं, त्याला जमत नाही. पंखा, मिक्सर, टीव्ही आणि बोलणं यांची खिचडी शिजतेच, फक्त मोठ्या आवाजात. ती निवडून काढायला मेंदूला काही आठवडे ते महिने लागतात, तेव्हा ‘चार दिवस लावलं, उपयोग नाही’ हा निकाल घाईचा असतो.

यंत्राच्या बारीकसारीक कटकटी आधीच माहीत असाव्यात. शिट्टी वाजते ती बहुधा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाल्यामुळे किंवा कानात मळ साचल्यामुळे, कारण बाहेर निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते. तिच्यावरची चिकटपट्टी सोलल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवावी. पट्टी परत चिकटवून ती ‘वाचत’ नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात नळीत थेंब धरतात आणि यंत्र एकाएकी मुकं होतं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. ‘मशीन बिघडलं’ म्हणून आणलेल्या यंत्रात पुष्कळदा फक्त मळ अडवणारी जाळी तुंबलेली असते.

इथे दोन गोष्टी चिडून सांगायच्या आहेत. कानात लसणाचं कोमट तेल घालून केशपेशी उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. रस्त्यावर सळईला कापूस गुंडाळून मळ काढणाऱ्यापुढे कान करणं म्हणजे त्या भोकाची सोय करणं. आणि एका कानानं अचानक, एका दिवसात ऐकू येईनासं झालं तर तेल-शेक करत न बसता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. त्या उपचाराची वेळ दिवसांत मोजतात. दुसरी गोष्ट जाहिरातींची: ‘श्रवणयंत्र लावा, स्मृतिभ्रंश टाळा.’ २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. हे आशादायक आहे, पण जाहिरातीत छापतात ते हे नाही.

उरलेलं अर्धं काम बोलणाऱ्याचं. तोंडापासून एक मीटरवर साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल असतं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. चार मीटरवर ४८, म्हणजे पंख्याच्या घरघरीइतकं किंवा त्याहून कमी. त्यात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये बोललं की जाड आवाज दाराच्या कडेवरून वळून येतो, बारीक येत नाही. म्हणजे ‘आ’ येतो आणि ‘स’ आत फ्रिजपाशीच राहतो. उपाय एकच, उठून जवळ जायचं. टीव्ही बंद, खांद्याला हात किंवा नावानं हाक, डोळ्याला डोळा भिडला की मग विषय: ‘लग्नाच्या आमंत्रणाबद्दल विचारतेय.’ विषय कळला की मेंदू गाळलेल्या जागा भरतो. ओरडू नये, कारण ओरडण्यानं स्वर फुगतात आणि व्यंजनं तिथेच राहतात. तोंड वेडंवाकडं करून हळूहळू बोलण्यानं ओठांचे आकार बिघडतात. एकदा सांगून कळलं नाही तर तेच न घोकता शब्द बदलावे. आकडे सुटे करावे: ‘साठ, सहा-शून्य.’ ‘जाऊ दे, काही नाही’ हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नये.

आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. पार, तार, कार यांतला फरक बारीक आवाजाचा, कान तो हरवतो. पण ‘प’ला ओठ मिटतात ते डोळ्यांना दिसतं. पार, बार, मार ओठांवर सारखे दिसतात. पण ‘ब’चा घोष आणि ‘म’चा नाकातला गुंजारव खर्जातले, ते कानाला अजून ऐकू येतात. कानाचं भोक डोळा बुजवतो, डोळ्याचं कान. मास्कच्या काळात कमी ऐकू येणाऱ्यांचे हाल झाले ते यामुळेच. मिशा ओठांवर येत असतील तर त्याही कातराव्या.

हे घरच्यांना समजावण्यात दमछाक होते, म्हणून समदुःखी लोकांचा गट कामाला येतो. १९७९ मध्ये हॉवर्ड ‘रॉकी’ स्टोन या सीआयएतून निवृत्त झालेल्या, स्वतः बहिऱ्या असलेल्या गृहस्थानं अमेरिकेत असा स्वमदत गट सुरू केला. आज ती तिथली मोठी संघटना आहे. सांकेतिक भाषेत वाढलेल्या कर्णबधिरांचा स्वतःचा समाज असतो. उतारवयात बहिरी झालेली माणसं तिथलीही नसतात आणि ऐकणाऱ्यांतलीही राहत नाहीत. आपल्याकडे त्यांच्यासाठी तयार जागा आहे: गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. केंद्राच्या ‘एडीआयपी’ योजनेत अल्प उत्पन्न गटातल्या दिव्यांगांना यंत्रं मिळतात.

संघाच्या सभागृहात मात्र शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि ढणढणणारा माइक असतो, म्हणजे खिचडी तिथेच सगळ्यांत जास्त शिजते. सहा ते दहा जण पुरेत. खुर्च्या रांगेत न मांडता घोड्याच्या नालेसारख्या मांडाव्या, पाठ खिडकीकडे करून कुणी बसू नये, कारण उजेड मागे असला की तोंड काळं दिसतं. जाड पडदे आणि सतरंजी घुमारा शोषतात. पंखे बंद, किंवा एकच आणि मंद. एका वेळी एकानं बोलायचं, आणि बोलण्याआधी हात वर करायचा, म्हणजे बाकीच्यांचे डोळे त्याच्या ओठांपर्यंत पोचायला एक-दोन सेकंद मिळतात. मधल्या टेबलावर बोलणं मराठीत लिहून दाखवणारं अ‍ॅप लावलेला मोबाइल बोलणाऱ्यापुढे सरकवत न्यावा. तो चुकतो, ‘साठ’चं ‘सात’ करतो, पण तेव्हा निदान दहाही जणांचा घोटाळा एकाच जागी होतो आणि कुणीतरी विचारतं, ‘सहा-शून्य का?’