हेडफोनचा ध्वनिस्वभाव
हेडफोनचा ध्वनिस्वभाव : एकच ध्वनिमुद्रण निरनिराळ्या हेडफोनांतून ऐकताना खर्ज, मध्य व तार भागांचे प्रमाण, स्वराचा पोत आणि वाद्यांमधील भासमान अंतर यांत जो कायमचा फरक जाणवतो, त्यास ध्वनिस्वभाव म्हणतात. महागड्या संचांची तुलना मुख्यतः या स्वभावाचीच असते.

या तुलनेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एर्नेस्ट मर्काडिए यांचा १८९१ चा कानात बसणारा टेलिफोनचा ध्वनिग्राहक (रिसीव्हर) आणि नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास अमेरिकी नौदलास पुरवलेले संच हे पूर्वज खरे. परंतु त्यांच्याकडून संदेश स्पष्ट कळावेत एवढीच अपेक्षा होती. काही जण बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीच्या डीटी ४८ या संचापासून (सुमारे १९३७) आरंभ मानतात. तथापि जॉन कॉस यांचा स्टिरिओ संच (१९५८), स्टॅक्स या जपानी कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पातळ पडद्यातून ध्वनी काढणारा) संच (१९६०) आणि सेनहायझर या जर्मन कंपनीचा उघड्या पाठीचा (मागून आवाज आरपार जाऊ देणारा) एचडी ४१४ (१९६८) यांच्या रचनाभेदांमुळेच श्रोत्यांपुढे निवडीचा प्रश्न उभा राहिला, म्हणून हे दशक धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

‘तटस्थ’ ध्वनी कोणता, हा वाद अद्याप मिटलेला नाही. कर्णनलिका ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवते. हेडफोनने हा उठाव किती राखावा, यावर सारे अवलंबून आहे. जर्मन ध्वनितज्ज्ञ गुंटर थायले यांनी १९८० च्या दशकात सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या ध्वनीचे माप ग्राह्य ठरवले. हार्मन कंपनीतील संशोधक शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी पुढे खोलीतील चांगल्या स्पीकरचा आवाज कानाशी जसा पोहोचतो तो आधार घेतला व श्रोत्यांची पसंती तपासली. ही दुसरी पद्धत ऐकणाऱ्याच्या अनुभवास अधिक जुळते. सेनहायझरच्याच संचांत एचडी ६५० (२००३) मऊ, तर एचडी ८०० (२००९) ६ किलोहर्ट्झजवळच्या उठावामुळे धारदार वाटतो. पुढे एचडी ८०० एसमध्ये शोषक योजून हा उठाव उतरवण्यात आला.

खानदेशातील श्रोत्यास प्रत्यक्ष ऐकलेले वाद्य हीच उत्तम कसोटी होय. सातपुड्यातील होळीच्या मोठ्या ढोलाचा घुमार थापेनंतर किती रेंगाळतो यावरून खर्ज, तर पावरी या आदिवासी सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्याच्या लांबत जाणाऱ्या सुरावरून मध्यभाग पारखता येतो. कानबाई या खानदेशी लोकदेवतेच्या गाण्यांतील ‘स’ व ‘श’ टोचू लागले तर तार भाग वाढलेला आहे असे समजावे. दोन्ही संचांची पातळी मात्र आधी मापून समान करावी, कारण थोडा मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणे अवघड असते, आणि उघड्या पाठीच्या संचातून त्याची घरघर आत येऊन खर्ज झाकते. त्यामुळे निर्दोष संचही पातळ ठरवला जातो. अशा खोलीत उघड्या व बंद पाठीच्या संचांची तुलना करू नये. चष्म्याच्या दांडीमुळे बंद संचाच्या गादीत राहिलेली फटही खर्ज लक्षणीय घटवते.