पार्श्वभूमी : ऑड्री लॉर्ड आणि नाव ठेवण्याचा हक्क

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १८ फेब्रुवारी १९३४ रोजी जन्मलेली अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड ही कॅरिबियन बेटांवरून पोटापाण्यासाठी आलेल्या आईवडिलांची धाकटी लेक. डोळे फार अधू. बोलायला लागली तीही चौथ्या वर्षाच्या सुमारास, वाचायला शिकता शिकता. लिहिता येऊ लागल्यावर तिने आपल्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा 'वाय' गाळून टाकला, कारण ओळीखाली लोंबणारी त्याची शेपटी तिला आवडत नसे. आपलं नाव आपण ठरवायचं, हा हट्ट तेव्हापासूनचा.

पुढे त्या ग्रंथपाल झाल्या. १९६२ मध्ये लग्न, दोन मुलं, १९७० मध्ये घटस्फोट. 'द फर्स्ट सिटीज' हा पहिला कवितासंग्रह १९६८चा. त्याच वर्षी मिसिसिपीतल्या टूगलू कॉलेजात कविता शिकवायला गेल्या असताना फ्रान्सिस क्लेटन भेटल्या आणि पुढची बरीच वर्षं दोघींनी एकत्र संसार केला.

अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीय कवींची चळवळ भरात होती. पण तिथे स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणं हा अडचणीचा विषय होता आणि स्त्रीवादी व्यासपीठांवर वर्णाचा विषय निघाला की गोऱ्या बायका अवघडत. १९७३च्या संग्रहाच्या वेळी डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसचे प्रकाशक डडली रँडल यांना त्यातली स्त्रीवर लिहिलेली एक प्रेमकविता उमगेना. ही पुरुषाच्या तोंडची आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, ती लॉर्ड यांचीच होती. कविता संग्रहातून गळली. पुढे ती एका स्त्रीवादी मासिकात छापून आली, तेव्हा लॉर्ड यांनी ते पान त्या शिकवत होत्या त्या कॉलेजात, इंग्रजी विभागाच्या भिंतीवर लावून टाकलं. मला त्यांच्या आयुष्यातला हा क्षण पुरस्कारांपेक्षा मोठा वाटतो. रोज ज्यांच्यात वावरायचं त्यांच्यासमोर त्यांनी स्वतःला उघड केलं होतं. 'काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवयित्री' अशी ओळख त्या करून देत आणि त्यातला एकही शब्द कुणाच्या सोयीसाठी वगळत नसत.

१९७८ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन लावायला त्यांनी नकार दिला आणि 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) मध्ये त्या अनुभवावर लिहिलं. त्याच सुमारास लेखिका बार्बरा स्मिथ आणि इतर मैत्रिणींसोबत 'किचन टेबल' ही प्रकाशनसंस्था काढली. आपली कोणती पुस्तकं छापायची हे आता आपणच ठरवायचं, एवढा साधा त्यामागचा विचार.

१९८४ मध्ये त्या पश्चिम बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत शिकवायला गेल्या. जर्मनीत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या काळ्या मुलींना तोवर परक्यांनी दिलेली, बहुतेक अपमानाचीच नावं होती. लॉर्ड यांच्यासोबतच्या चर्चांतून 'आफ्रो-जर्मन' हा शब्द घडला. आफ्रो-जर्मन कवयित्री मे आयिम, काथारिना ओगुनतोये आणि डागमार शुल्ट्झ यांनी संपादित केलेलं 'फार्बे बेकेनन' हे पुस्तक १९८६ मध्ये आलं आणि या समाजाचा इतिहास प्रथमच त्यांच्याच आवाजात छापला गेला.

लॉर्ड १७ नोव्हेंबर १९९२ रोजी कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर वारल्या. त्याआधी एका आफ्रिकी नामकरण विधीत त्यांनी 'गांबा अदिसा' हे नाव घेतलं होतं : आपलं म्हणणं स्पष्ट सांगणारी योद्धा. बर्लिनमध्ये स्प्रे नदीकाठच्या एका रस्त्याला सतराव्या शतकात आजच्या घानाच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापाराचा किल्ला उभारणाऱ्या ग्रोबेनचं नाव होतं. २०१० मध्ये ते बदललं. आता तो काठ मे आयिमच्या नावाने ओळखला जातो आणि तिचे वडील घानाचेच होते.