पाच माणसांना न पेललेली तोफ

'प्रयोगाने सिद्ध' एवढं छापलं की चुंबकाचं कडंसुद्धा खपतं. प्रयोग कुठे आणि कसा केला, हे गिऱ्हाईक विचारत नाही. पण एकट्या गिऱ्हाइकाला कशाला नावं ठेवा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाच्या तोफखात्याने असाच एक प्रयोग करून विल्यम सिम्स या तरुण अधिकाऱ्याला खोटं पाडलं होतं.

त्या काळी समुद्रावरची नेमबाजी म्हणजे निव्वळ नशीब. १८९८मध्ये क्युबाजवळ स्पेनविरुद्ध झालेल्या सँटियागोच्या लढाईत अमेरिकी आरमाराने सुमारे ९,५०० गोळे डागले, लागले सव्वाशेच्या आसपास. आणि लढाई जिंकली, त्यामुळे सगळे खूश!

गोळे चुकत होते ते जहाजाच्या हेलकाव्यांमुळे. समजा, जहाज १० सेकंदांत एक पूर्ण हेलकावा घेतंय आणि दोन्ही बाजूंना ५ अंश कलतंय. मधल्या स्थितीत त्याचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३ अंश असतो. निशाण दिसल्यापासून चाप ओढेपर्यंत माणसाला ०.२ सेकंद लागले, तरी नळी ०.६ अंशाने सरकलेली असते. दीड किलोमीटरवर ही चूक १५ मीटरच्या वर जाते. म्हणजे गोळा एक तर पाण्यात, नाही तर डोलकाठीवरून पार.

ब्रिटिश कॅप्टन पर्सी स्कॉटने तोफ वरखाली करणाऱ्या चाकाचे दाते बदलले आणि नेम धरायची दुर्बीण तोफ डागताना धक्का न बसणाऱ्या भागावर नेली. आता जहाज कितीही डुललं, तरी तोफची, म्हणजे तोफ डागणारा सैनिक, चाक फिरवत नळी सतत निशाणावर धरू शकत होता. १८९९मध्ये त्याच्या 'सिला' जहाजाने ८० टक्के नेम साधले. चीनच्या समुद्रात सिम्सने ही पद्धत पाहिली आणि वॉशिंग्टनला अहवालांचा मारा सुरू केला.

खात्याने चाचणी घेतली, पण गोदीत, पक्क्या जमिनीवर. पाच माणसांनी जोर लावला, तरी तोफ हव्या त्या वेगाने वरखाली होईना. निष्कर्ष: हे अशक्य आहे.

खरी गंमत इथे आहे. कॅरमच्या सोंगट्यांच्या चळतीतली खालची सोंगटी स्ट्रायकरने उडवली, तर वरच्या जागेवरच राहतात. न्यूटनचा पहिला नियम. तोफही दोन आडव्या खुंट्यांवर तोललेली असते. तिचं वजन त्या अक्षावर समतोल असल्यामुळे गुरुत्वाकर्षण तिला फिरवत नाही. जहाज कलतं तेव्हा तोफ जडत्वामुळे आपली दिशा राखू पाहते. तिला सोबत ओढतात ते खुंट्यांवरचं घर्षण आणि दातेरी चक्रं. तोफचीला फक्त तेवढी ओढ उलटवायची असते. गोदीत मात्र तोफेखालची जमीन स्थिर, म्हणून तोफच हलवावी लागते. तिथे लागणारं आघूर्ण (फिरवणारा जोर) म्हणजे जडत्व आघूर्ण (फिरण्यातला बदल टाळण्याचा वस्तूचा हट्ट) गुणिले कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग किती झपाट्याने बदलायचा ते). लांबलचक नळीचं जडत्व आघूर्ण प्रचंड, आणि दर पाच सेकंदांनी दिशा उलटी करायची. पाच माणसं थकणारच. समुद्रावर जे जडत्व तोफचीच्या बाजूने होतं, ते गोदीत त्याच्या विरुद्ध गेलं. मोजमाप बरोबर, प्रश्न चुकीचा.

सिम्सला विक्षिप्त, खोटारडा ठरवलं गेलं. शेवटी १९०१मध्ये त्याने सगळे वरिष्ठ ओलांडून थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना पत्र लिहिलं. शिस्तीच्या हिशेबाने हा गुन्हाच. पण रूझवेल्टनी त्याला बोलावून नेमबाजीचा निरीक्षक केलं. १८९९मध्ये अमेरिकेच्या पाच जहाजांनी मिळून २५ मिनिटांत एका जुन्या जहाजाच्या शिडांवर दोनच गोळे लावले होते. सहा वर्षांनी जवळपास तेवढ्याच अंतरावरून एकट्या तोफचीने एका मिनिटात १५ लावले.

सिम्सची जीभ मात्र कधी निशाणावर स्थिर राहिली नाही. १९१०मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये त्याने ब्रिटनला अमेरिकेच्या मदतीचं परस्पर आश्वासन देऊन टाकलं आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्टची जाहीर कानउघाडणी ओढवून घेतली. पहिल्या महायुद्धात युरोपातल्या अमेरिकी नौदलाची सूत्रं त्याच्याकडे होती, व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण देण्याचा आग्रहही त्याने धरला. युद्ध संपलं आणि पदकवाटपात अन्याय झाला म्हणून त्याने स्वतःचं पदक नाकारलं. १९२०मध्ये त्याच्या तक्रारींवरून सिनेटची चौकशी झाली. १९२२मध्ये तो रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाला. पूर्ण अॅडमिरलपद मिळालं ते १९३०मध्ये, निवृत्तांच्या यादीत.