फ्रंट: दोन हवांमधली तिरपी सीमा

११ नोव्हेंबर १९११. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत दिवसा पारा २८ अंश सेल्सियसवर गेला होता. मध्यरात्र व्हायच्या आत तो शून्याखाली ८ अंशांवर उतरला. त्या तारखेचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान असे दोन्ही विक्रम तिथे एकाच दिवशी झाले आणि आजही ते मोडलेले नाहीत. त्याच दिवशी विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल परिसरात आधी टॉर्नेडो आला, आणि ढिगारे उपसणाऱ्या लोकांना तासाभरात हिमवादळाने गाठलं. नुसता सूर्य मावळल्याने इतकी थंडी पडत नाही. एक हवा हटली आणि तिच्या जागी दुसरीच हवा आली.

हवा ज्या प्रदेशावर बरेच दिवस मुक्काम करते, त्याचा गुण तिला लागतो. उत्तर कॅनडाच्या बर्फावर पडून राहिलेली हवा थंड, कोरडी आणि जड होते. मेक्सिकोच्या आखातावरची हवा उबदार, दमट आणि हलकी. हजारो किलोमीटर पसरलेल्या अशा एकजिनसी हवेला वायुराशी म्हणतात. दोन वायुराशी समोरासमोर आल्या तरी चटकन मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये दहा-वीस ते शंभरेक किलोमीटर रुंदीचा एक पट्टा राहतो आणि तापमान, बाष्प, वाऱ्याची दिशा, सगळं तेवढ्यात बदलतं. हा पट्टा म्हणजे फ्रंट. भूगोलाच्या पुस्तकांतलं सीमापृष्ठ.

नकाशावर फ्रंट रेषेसारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तो जमिनीपासून वर तिरपा जाणारा पृष्ठभाग असतो. आणि या तिरपेपणातच सगळी मेख आहे. बाटलीत तेल आणि पाणी घाला, थोड्या वेळात पाणी खाली आणि तेल वर, मधली सीमा आडवी. मग जड थंड हवा उबदार हवेखाली पसरून आडवी का होत नाही?

याचं उत्तर पृथ्वीच्या परिवलनात आहे. थंड हवा उबदार हवेखाली सरकू लागली की उत्तर गोलार्धात तिची वाट उजवीकडे वळत जाते, आणि शेवटी ती सीमेच्या आत शिरण्याऐवजी सीमेला समांतर वाहू लागते. आडवं पडू पाहणारं वजन आणि वळवणारं परिवलन यांचा तोल साधला की सीमा तिरपी टिकते. हा तिरपेपणा किती असेल याचं गणित व्हिएन्नातले हवामानशास्त्रज्ञ माक्स मार्गुलेस यांनी १९०६ साली मांडलं. थंड हवा पुढे रेटत येते तेव्हा उतार साधारण ५० ते १०० किलोमीटरला एक किलोमीटर असतो. उबदार हवा थंड हवेवर चढत जाते तेव्हा तो आणखी मंद, १५० ते ३०० किलोमीटरला एक किलोमीटर. डोळ्यांना हा चढ जवळजवळ सपाटच वाटेल, पण ढग घडवायला तो पुरतो.

दोन्ही प्रकारांत आकाश अगदी वेगळं वागतं. उबदार हवेची आघाडी, म्हणजे उबदार फ्रंट, येत असेल तर पाऊस पोचायच्या दिवसभर आधी उंचावर पिसांसारखे सिरस ढग दिसतात. मग दुधी पापुद्रा पसरतो आणि त्यातल्या हिमकणांमुळे सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. पुढे ढग जाड होतात, खाली येतात, आणि संथ, लांबलेला पाऊस लागतो. थंड हवेची आघाडी अशी पूर्वसूचना फारशी देत नाही. तिच्या पुढ्यातली उबदार हवा झपाट्याने वर ढकलली जाते, उंच ढग उभे राहतात, सरी कोसळतात, वाऱ्याची दिशा एकदम बदलते, आणि मग आभाळ लख्ख मोकळं होऊन गारठा पडतो.

१९११च्या त्या दिवशी हवामानतज्ज्ञांना थंडीची लाट ठाऊक होती, पण हे चित्र नव्हतं. ते मिळालं नॉर्वेतल्या बर्गेन शहरात. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांनी हवामानाच्या नोंदी गुप्त ठेवल्या आणि तटस्थ नॉर्वेला समुद्रावरून येणाऱ्या तारा बंद झाल्या. अन्नाची टंचाई होती, शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना अंदाज हवे होते. १९१७ साली बर्गेनला आलेले हवामानशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्येर्कनेस यांनी मग देशातल्या निरीक्षण केंद्रांचंच दाट जाळं विणलं. त्या दाट नोंदींत त्यांचा विशीतला मुलगा याकोब याला वारे एकवटणाऱ्या दोन रेषा सापडल्या. कमी दाबाच्या प्रत्येक फिरत्या प्रणालीत त्या असायच्या, एक उबदार आघाडीची आणि दुसरी थंड आघाडीची. १९१९ साली त्याने जेमतेम आठ पानांचा निबंध छापला. त्याच वर्षी त्यांचे सहकारी टोर बर्गेरॉन यांच्या लक्षात आलं की थंड आघाडी वेगाने येऊन उबदार आघाडीला गाठते, मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते, आणि मग वादळाचा जोर ओसरतो. केवळ नोंदी दाट झाल्याने विज्ञान इतकं पुढे गेल्याची याहून सुंदर उदाहरणं मला फार माहीत नाहीत. (याच याकोबने पुढे, १९६९ साली, प्रशांत महासागरावरच्या वाऱ्यांच्या चक्राला भारतीय हवामान खात्याचे माजी प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांचं नाव दिलं. आपल्या मान्सूनवर परिणाम करणारा एल निनो त्या चक्राशी बांधलेला आहे.)

बर्गेनच्या मंडळींना वाटायचं की आधी फ्रंट असतो आणि त्यावर लाट उठून वादळ जन्मतं. हवामानशास्त्रज्ञ जूल चार्नी यांनी १९४७ साली आणि एरिक इडी यांनी १९४९ साली दाखवलं की ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरकच वादळ जन्माला घालायला पुरेसा आहे. वादळाचे वारे मग थंड आणि उबदार हवेला एकमेकींकडे ओढतात, समान तापमानाच्या रेषा दाटीने जवळ येतात आणि फ्रंट धारदार होतो. म्हणजे फ्रंट बहुतेकदा वादळाचं कारण नसून त्याच्याच पोटात घडत जाणारी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात असे फ्रंट येत नाहीत. अमेरिकेत रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे ध्रुवाकडच्या हवेला मैदान मोकळं मिळतं. आपल्याकडे पूर्व-पश्चिम हिमालय सायबेरियाची थंडी अडवतो. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर परिवलनाचा वळवणारा परिणाम बर्गेनच्या जेमतेम ३८ टक्के आहे, म्हणून तिरपी सीमा इथे टिकतही नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात, म्हणजे कमी दाबाच्या फिरत्या प्रणाली, भारतात पोचतात तेव्हा त्यांचे जमिनीलगतचे फ्रंट इराण-अफगाणिस्तानच्या डोंगरांत बरेचसे विरलेले असतात. उरते ती उंचावरच्या वाऱ्यांतली द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा.

तरीही दोन हवांची गाठ इथे पडतेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये वायव्येकडचे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा मध्य भारतात भिडतात. हवामान खात्याच्या बातम्यांत ‘वाऱ्यांची खंडितता’ असते ती हीच. वर थंड हवेची द्रोणी आली की त्या रेषेवर गारपिटीचे ढग उठतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने उभी पिकं आणि द्राक्षबागा आडव्या केल्या.

याहून छोटी सीमा वळवाच्या ढगाखाली तयार होते. पावसाने गार झालेली हवा ढगातून खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना धावत सुटते. तिच्या पुढच्या कडेला गस्ट फ्रंट म्हणतात. ही सीमा तासाभरात संपते, परिवलनाला तिच्यावर काम करायला वेळच मिळत नाही. १३ मे २०२४ला मुंबईत पावसाच्या आधी धुळीचा लोट घेऊन आलेला वारा असाच होता. त्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. रडारवर अशी कड कधी कधी धूळ आणि किडे यांच्यामुळे बारीक रेषेसारखी उमटते. ती दिसल्यापासून अंगावर येईपर्यंतचा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. क्रेनवरच्या आणि परांचीवरच्या माणसांना खाली उतरायला तेवढा पुरतो, पण इशारा थेट त्यांच्या फोनवर पोचला तरच.