वजनाच्या इंजेक्शननंतर पोट बिघडलं: नेहमीची मळमळ की स्वादुपिंडाला सूज?

सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, ओझेम्पिक) किंवा टिर्झेपेटाइड (मौंजारो) सुरू केलं की मळमळणं जवळपास ठरलेलंच. वेगोव्हीच्या चाचण्यांत शंभरातल्या 44 जणांना मळमळ झाली, 24 जणांना उलट्या. स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅन्क्रिअटायटिस, वर्षाला हजारात एखाद-दुसऱ्यालाच होतो. पण उलट्या आणि जेवणावरची वासना उडणं दोन्हींत असतं, आणि घरात दोन्हींवर ‘पित्त झालंय’ म्हणत एकच गोळी दिली जाते.

उलट्या मोजत बसू नका, दुखणं बघा.

साध्या मळमळीत दुखणं मुख्य नसतंच. औषधामुळे जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून पोट जड वाटतं, दुपारचं जेवण रात्रीपर्यंत ढेकरांतून जाणवतं. उलटी झाली की बरं वाटतं. हा त्रास इंजेक्शननंतरचे पहिले काही दिवस आणि डोस वाढवल्यावर (सेमाग्लुटाइडचा 0.25 वरून 0.5 मिलिग्रॅम, टिर्झेपेटाइडचा 2.5 वरून 5) जास्त असतो, मग ओसरतो. थोडं-थोडं खा, पोट भरल्यासारखं वाटताच हात आखडता घ्या, तळलेलं टाळा. नाहीच ओसरला, तर डॉक्टर डोस वाढवणं पुढे ढकलतात. पहिल्याच महिन्यात मोठा डोस घेणाऱ्यांचे हाल इथेच होतात.

पॅन्क्रिअटायटिसमध्ये दुखणं आधी, बाकी सगळं नंतर. बेंबीच्या वर सलग, जोरात दुखतं, बऱ्याचदा पाठीपर्यंत जातं. उतानं झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की किंचित कमी होतं. उलटी होऊनही ते हटत नाही. असं दुखणं तासन्‌तास टिकलं तर अँटासिड घेऊन सकाळची वाट पाहू नका, कॅज्युअल्टी गाठा. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचून घरी परतणं तर नकोच: दुखणं दबतं, आणि उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असताना किडनीवर ताण येतो.

मधलं एक दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं. वजन झपाट्याने उतरलं की खडे होतात. हे उजव्या बरगडीखाली, बहुधा तेलकट जेवणानंतर येतं, कधी उजव्या खांद्याकडे जातं. खडा नळीत अडकला तर त्यातूनच पॅन्क्रिअटायटिस होऊ शकतो. ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर थांबायचं नाही.

तपासणीत रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडात तयार होणारं पाचक एन्झाइम) बघतात. ही इंजेक्शनं घेणाऱ्यांचं लायपेज काही न होताही थोडं वर असू शकतं, त्यामुळे नुसत्या आकड्याने घाबरून जाऊ नये. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तीन पटींहून वर गेलं आणि दुखणंही तसंच असेल, तर निदान जवळपास पक्कं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटातल्या गॅसमुळे स्वादुपिंड अनेकदा नीट दिसतच नाही.

कॅज्युअल्टीत औषधाचं नाव, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगा. लाजेखातर हे लपवणारे कमी नाहीत. सेमाग्लुटाइडचं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणजे ‘आठ दिवसांपूर्वी घेतलं होतं’ हेही महत्त्वाचं. शंका असेपर्यंत पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही. पॅन्क्रिअटायटिस नक्की झाला तर औषध पुन्हा सुरू करत नाहीत, आणि त्याच गटातलं दुसऱ्या ब्रँडचंही टाळतात.