टेस्टोस्टेरॉन घेताना इस्ट्रोजनचे व्यवस्थापन

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाहेरून दिल्यावर त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्राडायोल या इस्ट्रोजनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात, बदलतो. त्याची पातळी फार चढू किंवा उतरू न देणे, म्हणजे हे व्यवस्थापन. जिमच्या बोलीत इस्ट्राडायोल म्हणजे ‘इ-टू’ आणि त्यातून छाती वाढली की ‘गायनो’. नाशिकात कॉलेज रोडच्या काचेच्या जिमपासून सिडकोतल्या गाळ्यापर्यंत हीच भाषा ऐकू येते आणि तिच्यात इस्ट्रोजन हा शत्रू असतो. गैरसमजाची सुरुवात इथेच होते.

हा बदल अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) घडवते. ते चरबीत, मेंदूत, हाडांत असते. पुरुषाच्या रक्तातील इस्ट्राडायोलपैकी सुमारे २० टक्के वृषणात तयार होते, बाकीचे या रूपांतरातून येते. म्हणूनच एकाच मात्रेवर सडपातळ माणसापेक्षा पोट सुटलेल्याचे इस्ट्राडायोल जास्त चढते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला संप्रेरकाचे माप शिकवावे लागत नाही. घड जीएत, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या वनस्पती-संप्रेरकात, बुडवताना (डिपिंग करताना) तो पीपीएम काटेकोर पाळतो, कारण मात्रा जास्त झाली की घडाचा दांडा ताठरतो आणि मणीगळ होते. तोच माणूस मुलाच्या बॅगेतल्या इंजेक्शनचे माप मात्र विचारत नाही.

इस्ट्रोजन पुरुषाला लागते, याचा पुरावा १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णात दिसला. जनुकीय दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजनचा परिणामच होत नव्हता. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, तरीही हाडांची टोके जुळलेली नव्हती. उंची वाढतच होती आणि हाडे ठिसूळ होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी पुरुषांचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन थांबवून ते बाहेरून मोजून दिले आणि काहींचे इस्ट्रोजनही औषधाने रोखले. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून निघाली, चरबी साठणे इस्ट्रोजनच्या अभावावर, तर कामेच्छेला दोन्ही लागत होती.

पातळी चढल्यावर स्तनाग्रामागे हुळहुळणारी गाठ लागते, अंगात पाणी साठते, बोटातली अंगठी रुतते. उतरल्यावर सांधे दुखतात, इच्छा मरते, आणि फार काळ तसेच राहिले तर हाडे झिजतात. थकवा आणि चिडचिड दोन्हीकडे सापडते, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून गोळी घेणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

पहिला उपाय मात्रेचा. टेस्टोस्टेरॉन एनान्थेटसारखे इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी एकदम घेतले की सुरुवातीचे काही दिवस पातळी उसळते आणि पुढच्या सुईपर्यंत ओसरते. तीच मात्रा विभागून दर आठवड्याला घेतली की हा चढउतार सौम्य होतो. अनेकदा मात्रा कमी करणे किंवा पोटाचा घेर उतरवणे पुरेसे ठरते.

अ‍ॅनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोल ही अ‍ॅरोमाटेज रोखणारी औषधे मुळात रजोनिवृत्त स्त्रियांच्या स्तनकर्करोगासाठी आहेत. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या प्रत्येकाला ती सरसकट देत नाहीत. ‘सायकल’सोबत, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या इंजेक्शनांच्या फेरीसोबत, पहिल्या दिवसापासून गोळी सुरू करण्याची जिममधली रीत सांधे आणि हाडे यांच्या मुळावर येते. स्तनाग्रामागची गाठ दुखू लागली तर डॉक्टर टॅमॉक्सिफेनचा विचार करतात. ते इस्ट्रोजन घटवत नाही, स्तनपेशींवरचा त्याचा परिणाम अडवते. जुनी, घट्ट झालेली गाठ मात्र शस्त्रक्रियेनेच जाते.

नाशिकात हमखास विचारला जाणारा प्रश्न वाईनचा. लाल वाईन व द्राक्षबियांच्या अर्कातील काही घटक प्रयोगशाळेत अ‍ॅरोमाटेजला आवर घालताना दिसले आहेत. पेल्यातल्या वाईनकडून तशी अपेक्षा धरू नये. दारूने पोट वाढले तर परिणाम उलटाच.

तपासणीसाठी रक्त देताना शेवटची सुई कधी घेतली ते सांगावे, नाहीतर आकडा वाचता येत नाही. पुरुषांची इस्ट्राडायोलची पातळी इतकी कमी असते की प्रतिपिंडांवर आधारलेल्या नेहमीच्या इम्युनोअ‍ॅसेपेक्षा रेणू वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीची चाचणी जास्त भरवशाची. सोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, हेही पाहतात. तो ५४ टक्क्यांवर गेला तर टेस्टोस्टेरॉन थांबवतात, मग इस्ट्राडायोल कितीही नेटके असो.

मूल हवे असलेल्या तरुणाने आणखी एक लक्षात ठेवावे. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन मेंदूकडून वृषणाला मिळणारा इशाराच दाबते आणि शुक्राणू घटतात. इ-टूचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ते परत येत नाहीत.